मास्टर आणि ओढ्याकाठचं देऊळ

आमच्या मास्टरांना हळू बोलता येत नसे. सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, गेलेलं. तिथं शेजारच्या माणसाला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाहीतर नुसते ओठ आणि हात हलवायचे. मास्टर घरीही तसेच वागत. "कोणाले सांगू नको," असं म्हणून ते जे काही सांगत, ते बमरोलीतल्या आमच्या चाळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई.

सुरतेत माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला मास्टर म्हणतात. आमचे हे त्यांच्याच हाताखाली माग चालवत. मास्टर मूळचे विदर्भातले. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती, म्हणून मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हापासून संध्याकाळी त्यांचं ताट आमच्याकडंच असे. सदऱ्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सुताची बारीक लव बसलेली. ती ते कधी झटकत नसत. मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "उद्या पुन्हा बसनच नं."

मागांच्या आवाजानं त्यांचे कान बरेचसे गेले होते. त्याबदली डोळे तयार झाले होते. जेवण झालं की ओट्यावर बसायचे आणि समोरच्या इमारतीतलं नवरा-बायकोचं भांडण आम्हाला खालून वाचून दाखवायचे. वरून शब्द ऐकू येत नसे, फक्त खिडकीत हलणारी तोंडं दिसत. "थे म्हणते, तुझ्या बहिणीनंच नेलं. थो म्हणते, माझ्या बहिणीचं नाव काढू नको." हिंदी असो, गुजराती असो, ओठ दिसले की त्यांना कळे. उडिया कारीगरांपुढं मात्र ते हात टेकत. चाळीतल्या बायका मास्टर ओट्यावर दिसले की बोलताना तोंडावर पदर धरत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नसे. हा काही फार मोठा सद्गुण होता असं मी म्हणणार नाही. त्यांना ते सुचतच नसे, एवढंच. खात्यातल्या एका मुलाचं लग्न जमवायला आम्ही सुरतेतच, पर्वत पाटिया भागात गेलो होतो. वडीलधारे म्हणून मास्टरांना पुढं बसवलं. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलाला काही व्यसन वगैरे?" आमचे हे "छे छे" म्हणाले. मास्टर यांच्या कानाशी वाकले आणि आपल्या समजुतीनं कुजबुजले, "शनिवारी थोडी घेते नं थो. सांगू का नको?"

मुलानं मान खाली घातली. मग आतल्या पडद्यामागून मुलगीच हसली, आणि तिचे वडीलही हसायला लागले. म्हणाले, "किती आणि कधी, ते तरी कळलं." लग्न झालं. आज त्यांना नातू आहे.

सगळ्याच गोष्टी अशा गोड झाल्या नाहीत. व्यापाऱ्यासमोर मालातले दोष सांगितले म्हणून शेठनं त्यांना कितीदा तरी झापलं असेल. मास्टर मान डोलवून ऐकून घ्यायचे. शेठचं तोंड त्यांना स्पष्ट दिसत असे.

चौऱ्याण्णव साली तापीला पूर आला. पाणी ओसरलं, गणपती गेले, आणि पितृपंधरवड्यात प्लेगची बातमी पसरली. एका दिवसात सगळ्या शहरानं तोंडाला रुमाल बांधला. दुकानदार, रिक्षावाले, नळावरच्या बायका, सगळ्यांनी. आणि मास्टर खरोखरचे बहिरे झाले.

माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. ते आमच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा चेहरा घाबरलेला होता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"लोक बोलून काहून नाही राह्यले?" त्यांनी विचारलं.

मी रुमाल खाली ओढला आणि त्यांना सगळं सांगितलं. लोक पळतायत. खाती बंद होतायत. आम्ही यांच्या गावी निघालोय. माझी लेक तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. मास्टरांनी तिच्याकडं पाहिलं.

"गाडीत लेकराले धराले एक माणूस लागन," ते म्हणाले. "चाला मंग."

उधन्याच्या स्टेशनात गाडीत चढलो ते कसं, हे मला नीट आठवतही नाही. मास्टरांनी लेकराला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं आणि ते ओरडत होते, "पोरगी हाय, पोरगी हाय." त्या आवाजानं गर्दीत थोडी फट पडायची आणि आम्ही त्यांच्यामागून आत सरकायचो. जळगावला उतरलो. तिथून एसटीनं अजिंठ्याचा घाट चढलो, पुढं दुसरी एसटी धरली आणि शेवटचं अंतर चालत गेलो.

गावाच्या अलीकडं एक ओढा आहे. त्या वर्षीच्या पावसानं तो खळाळून वाहत होता. पलीकडच्या काठावर माणसं उभी होती, हातात काठ्या. त्यात यांचा चुलतभाऊही होता. त्यानं हातानंच आम्हाला थांबवलं आणि ओढ्यातल्या खडकापर्यंत येऊन सांगितलं, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. सुरतेचं कुणीच गावात घ्यायचं न्हाई असं ठरलंय. थोडे दिवस अलीकडंच राहा. देवळात राहा. भाकरी आम्ही पोचवू."

यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्या पिशवीकडंच बघत राहिले.

ते देऊळ मी लग्नात लांबून पाहिलं होतं. जुनं, पडकं, बाभळींनी वेढलेलं महादेवाचं देऊळ. शेजारी दोन लहान देवळं होती, ती ढासळून मातीत गेलेली. मागं एक दगडी बारव. गावाचा नवा महादेव गावात होता, इकडं शेळ्या राखणाऱ्यांशिवाय कुणी येत नसे. मी लेकराला घेऊन पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. माझ्या नवऱ्याच्या गावानं मला दारात घेतलं नव्हतं, हेच तेवढं मनात होतं. मागं काय आहे तिकडं मी पाहिलंही नाही.

मास्टर पुढं गेले होते. त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला आणि भिंतीपुढं उभे राहिले. मग दोन पावलं सरकले, पुन्हा उभे राहिले. असं करत ते देवळाला फेरी घालून परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. माझ्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "पोरी, अथी सारे तोंड उघडे हाय."

मी वर पाहिलं. भिंतीवर माणसंच माणसं होती. बायका, बुवा, ढोलकी वाजवणारे, घोड्यावरचे, हात जोडलेले. खालपासून छपरापर्यंत एकही दगड रिकामा नव्हता. आणि प्रत्येकाला चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता लेकरू उठलं म्हणून मी तिला घेऊन बाहेर आले. पूर्वेकडून ऊन येत होतं. आधी ते भिंतीच्या वरच्या कडेला लागलं आणि मग हळूहळू खाली उतरायला लागलं. जिथं जिथं ते पोचलं तिथं तिथं काळ्या दगडातून एकेक जण बाहेर येत होता. आधी मोठ्या बायका. एकीच्या हातात आरसा, एकीच्या खांद्यावर पोपट, एक पाय उचलून काटा काढणारी. त्यांच्याखाली लहान लहान माणसांची रांग, मग घोडे, आणि सगळ्यात शेवटी, अगदी जमिनीशी, हत्ती. देवळाचं सगळं ओझं घेऊन हत्तींची रांग चालली होती. एकाची सोंड पुढच्याच्या शेपटीवर, एकानं झाड उपटलेलं, एक मान वळवून मागं बघत होता. मी वाकून त्यांच्यापुढं सरकत राहिले. एकासारखा दुसरा नव्हता. गुडघ्याच्याही खाली, जिथं कुणाची नजर जाणार नाही, तिथं कुणीतरी प्रत्येक हत्ती वेगळा केला होता. गाव दारात घेत नाही हे दुःख होतंच, ते कुठं गेलं नव्हतं, पण त्या उन्हात ते फार लहान दिसायला लागलं.

त्यानंतर रोज पहाटे मी बाहेर येऊन उभी राहायचे. मास्टर माझ्याआधी आलेले असायचे.

त्यांनी त्या माणसांचं बोलणं वाचायला सुरुवात केली होती. मला आधी हसू आलं. पण ते गंमत करत नव्हते. खात्यात ओठ वाचायचे तसेच इथं वाचत होते, मान थोडी तिरकी करून. काटा काढणारीपुढं म्हणाले, "हळू, हळू म्हणते थे." आत मंडपात खांबांच्या माथ्यावर ठेंगू, पोट सुटलेली माणसं होती, दोन्ही हात वर करून छत उचलून धरणारी. त्यातल्या एकाकडं बोट करून म्हणाले, "हा काहीच बोलत नाही. बोलन तर दम सुटन, दम सुटला तर छत खाली येईन." मंडपात त्यांचा आवाज घुमला आणि वरची पाखरं उडाली. मी त्या ठेंगूच्या फुगलेल्या गालांकडं पाहिलं. खरंच त्यानं दम धरला होता.

एकीपुढं मात्र ते अडले. मागच्या भिंतीवर, कोपऱ्याजवळ होती ती. नाकाचा टवका उडालेला, एक हात उचललेला, ओठ थोडेसे उघडे. मास्टर तिच्यापुढं सकाळी उभे राहत, दुपारी बसत.

"हे काय म्हणून राह्यली, मले समजून नाही राह्यलं," ते म्हणत.

"उडिया असंल," मी म्हटलं.

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "असन बी."

आमचे हे या कशातच नव्हते. ते दिवसभर ओढ्याच्या बाजूला तोंड करून बसत. पलीकडं त्यांचं घर दिसत होतं, परसातला शेवगा दिसत होता. सासूबाई सकाळ-संध्याकाळ ओढ्यातल्या मोठ्या खडकावर भाकरीचं फडकं ठेवून मागं सरत आणि काठावर उभ्या राहत. त्या काहीतरी बोलत, पण पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नसे. पहिल्या संध्याकाळी मी मास्टरांना विचारलं, "सासूबाई काय म्हणतात?"

त्यांनी बघितलं आणि जसंच्या तसं सांगितलं. "थे म्हणते, कामून आलात. थितंच राह्याचं होतं." मास्टर अजून बघतच होते. "आता म्हणते, लेकराचं डोकं झाकून घ्या, वारं लागते."

दुसरा कुणी असता तर त्यानं पहिलं वाक्य गिळलं असतं. मला तेव्हा त्यांचा राग आला. पण त्यामुळंच दुसरं वाक्य खरं आहे हे मला ठाऊक होतं.

मग लेकराला ताप आला. सकाळी अंग कोमट लागलं, दुपारपर्यंत चटका बसायला लागला. ती मान टाकून रडत होती, दूध घेत नव्हती. आमचे हे पांढरे पडले. म्हणाले, "कुणाला कळता कामा न्हाई. ताप म्हटलं की हे लोक आपल्याला इथूनही हाकलतील. आपण हिला घेऊन कुठं जायचं?" मी पदर भिजवून तिच्या कपाळावर ठेवत होते. यांनी मास्टरांपुढं जाऊन, ओठ नीट दिसतील असं सांगितलं, "मास्टर, कुणापुढं बोलायचं न्हाई."

संध्याकाळी सासूबाई भाकरी घेऊन आल्या. काठावर काठीवाले दोघं-तिघं होतेच. सासूबाईंनी लेकराकडं हात करून काहीतरी विचारलं. मी मान हलवली, ठीक आहे म्हणून. आमचे हेही हात हलवून ठीक आहे म्हणाले.

मास्टर पाण्यापर्यंत चालत गेले. त्यांच्या ओठांवरून सासूबाईंना काही कळलं नसतं, पण त्यांचा आवाज होता. मागांच्या वर चढवायला शिकलेला आवाज. त्या ओढ्याच्या वर दुसरा कुणाचाच चढला नसता.

"पोरीले ताप आला," ते ओरडले. "लय ताप हाय. दूध पीत नाही."

पलीकडं एकदम गलका झाला. काठीवाले मागं सरकले, कुणी गावाकडं पळालं. यांनी धावत जाऊन मास्टरांची गचांडी धरली. "तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणत होते, "तुम्हाला सांगितलं होतं." मास्टर त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. हात सोडवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

आणि सासूबाई पाण्यात उतरल्या. भाकरीचं फडकं त्यांनी खडकावर ठेवलं नाही, डोक्यावर घेतलं. पलीकडून चुलतदीर हाका मारत होते, काय ते सासूबाईंनी नंतर सांगितलं: "काकू, मागं फिरा. गेलात तर परत येता येणार न्हाई." पाणी त्यांच्या कमरेपर्यंत आलं. त्या अलीकडं आल्या, ओल्या लुगड्यानं माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आण इकडं." लेकरू मांडीवर घेतलं, हात लावून पाहिला, कानामागं दाबून पाहिलं. मग यांच्याकडं वळून म्हणाल्या, "कामून लपवलंस रे? मी काय परकी हाय?"

आमचे हे खाली बसले आणि ओंजळीत तोंड घेऊन रडले.

गावाला जी धास्ती बसली तिचा एक उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सरपंचानं तालुक्याहून जीप आणवली. तोंडाला पट्टी बांधलेले एक तरुण डॉक्टर उतरले. त्यांनी लेकराला तपासलं, आम्हा सगळ्यांना तपासलं आणि पट्टी खाली करून सांगितलं, "प्लेग नाही. कान सुजलाय बाळाचा." औषधाची बाटली दिली. संध्याकाळी ताप उतरला आणि तिनं दूध घेतलं.

गावानं तरी ठरलेले दिवस भरायला लावलेच, सासूबाईंनाही. त्या आमच्याबरोबर देवळात राहिल्या. सगळा संसार त्यांनी त्या देवळाच्या समोर केला होता, बारवेचं पाणीही भरलं होतं, पण भिंतीपुढं सावकाश उभं राहायला त्यांना कधी फुरसत मिळाली नव्हती. मी त्यांना पहाटे उठवून उन्हाचं उतरणं दाखवलं. हत्तींपर्यंत ऊन आलं तेव्हा त्यांनी वाकून पायाला हात लावावा तसा एका हत्तीला हात लावला.

मास्टरांनी त्यांना मागच्या भिंतीवरच्या त्या बाईपुढं नेलं. "हे काय म्हणते, सांगा बरं," म्हणाले.

सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बोलत न्हाई ती. ऐकायलीय."

मी ते मास्टरांना ओठांनी पुन्हा सांगितलं. त्यांनी झटकन वळून तिच्याकडं पाहिलं. उचललेला हात कानाच्या बाजूला होता. मान किंचित झुकलेली. ते तिच्यापुढं मटकन खाली बसले आणि त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत.

दसऱ्यानंतर आम्ही सुरतेला परतलो. माग पुन्हा सुरू झाले. पण आमच्या यांनी मास्टरांशी बोलणं टाकलं होतं. राग मास्टरांवर नव्हता, हे मला कळत होतं. त्या दिवशी आपण लेकराचा ताप लपवायला निघालो होतो, हे ज्याला माहीत आहे त्याच्यापुढं उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. खात्यात कामापुरते हात हलवायचे, तेवढंच. संध्याकाळी ताट वाढलं की आमचे हे बाहेर निघून जात. मास्टरांनी एकदा मला विचारलं, "अजून गुस्सा हाय का थो?" प्रश्न चाळभर ऐकू गेला. मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मग काही वर्षांनी मास्टरांचे उरलेसुरले कानही गेले. शेठनं नवा मास्टर ठेवला. एका सकाळी त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि, "जातो मंग," म्हणून निघून गेले. आम्हाला वाटलं, विदर्भात गेले.

त्या दिवाळीला आम्ही गावी गेलो. लेक आता शाळेत जायला लागली होती. सासूबाई भाकरी बांधत होत्या. कुणासाठी, म्हणून मी विचारलं. "तुमच्या मास्टरसाठी," त्या सहज म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून देवळात हाय. तुमाला न्हाई सांगितलं?"

मी आणि लेक भाकरी घेऊन गेलो. बाभळी तोडलेल्या होत्या, अंगण झाडलेलं होतं. मास्टर मला पाहून हसले. सदऱ्यावर सुताची लव नव्हती, मातीची धूळ होती. तुम्ही आमच्याकडं का राहत नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "तुमच्याकडं नाही आलो मी. यायच्याकडं आलो." आणि भिंतीकडं हात केला.

आमचे हे मात्र दिवाळीभर ओढा ओलांडून गेले नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळची एसटी होती. एसटी आता ओढ्यापर्यंत यायला लागली होती, थांबा देवळाच्या बाजूलाच होता. आम्ही पिशव्या घेऊन उभे असताना लेक हात सोडवून देवळाकडं पळाली. मी तिच्यामागं गेले. मास्टर ढासळलेल्या लहान देवळाच्या जागी उभे होते. माझ्याकडं लक्ष जाताच ओरडले, "त्याले बोलाव. ऊन येऊन राह्यलं."

हाक यांनाही ऐकू गेलीच होती. ते आले, कपाळाला आठी घालून. मास्टरांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना पुढं नेलं.

तिथली माती उपसलेली होती. खड्ड्यात एक प्रचंड शिळा उताणी पडली होती. त्या देवळाचं छत होतं ते. कोसळलं तेव्हा कोरलेली बाजू खाली गेली आणि तशीच मातीत राहिली. मास्टरांनी उन्हाळाभर एकट्यानं माती काढली, आणि मग गावातली माणसं दोरखंड आणि बैल घेऊन आली, काठ्या घेऊन उभा राहिलेला चुलतदीरही त्यात होता, आणि सगळ्यांनी मिळून ती उलटवली.

मधोमध एक कमळ होतं, पाकळीवर पाकळी, इतकं खोल कोरलेलं की आत अंधार साठला होता. त्याभोवती नाचणाऱ्यांचं कडं, एकमेकांचे हात धरलेलं. वाऱ्यापावसानं त्यांना शिवलंच नव्हतं. बाहेरच्या भिंतीवरचे चेहरे झिजलेले होते, इथं नखं दिसत होती, पैंजणांचे मणी दिसत होते, नाचताना उडालेल्या पदराची घडी दिसत होती. कारागीर आत्ताच हत्यार ठेवून हात धुवायला गेला असावा, असं वाटत होतं. ऊन कडेवर आलं आणि कड्यावरून सरकत गेलं, आणि एकेक नाचणारी उजळत गेली.

आमचे हे खड्ड्याच्या काठावर बसले. मान खाली घालून म्हणाले, "कुणी केलं असंल हे?"

मास्टरांना ते दिसलं नाही. यांनी मान वर केली, मास्टरांच्या डोळ्यांसमोर चेहरा धरला आणि पुन्हा विचारलं, "मास्टर, कुणी केलं असंल?"

"मले काय मालूम," मास्टर म्हणाले. "मी तं माती काढली फक्त." आणि ते यांच्या शेजारी बसले.

रस्त्यावर एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं घंटी वाजवली, पुन्हा वाजवली. मी यांच्याकडं पाहिलं. ऊन कमळापाशी पोचत होतं. एसटी निघून गेली. पुढची दुपारी होती. आमच्यातलं कुणी उठलं नाही.